पाकिटावरची आत्या

पाकीट जेवणाच्या टेबलावर मधोमध उभं केलं होतं, आणि त्याच्यावरून आत्या स्वतःकडेच बघून हसत होती.

फोटो खरा होता, हसूही खरं होतं. मागच्या महिन्यात शेडच्या दारात ओल्या पेंढ्यावरून पुतण्याचा पाय घसरला आणि नवी कोरी पँट घालून तो थेट पाण्याच्या हौदात जाऊन बसला. तेव्हा आत्याला हसू आवरलं नव्हतं. पठ्ठ्यानं फोन तेवढा हात वर करून कोरडा राखला आणि हौदात बसल्या बसल्याच तिचा फोटो काढला. त्या फोटोखाली आता जाड अक्षरांत छापलं होतं : ‘एकाहत्तराव्या वर्षीही ठणठणीत! आमच्या आत्याच्या आरोग्याचं रहस्य – रोज वाटीभर मशरूम.’

आत्यानं चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वाचलं.

“ही कोण?”

“तूच आहेस की आत्या,” पुतण्या म्हणाला.

“चेहरा माझाच दिसतोय. पण रोज वाटीभर हादडणारी ही बाई कोण, ते विचारतेय.”

पुतण्यानं बापाकडे बघितलं. बापानं, म्हणजे आत्याच्या दादानं, खिडकीकडे बघितलं.

आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, अळंबीची पहिली शेड बांधली तेव्हा आत्या एकोणीस वर्षांची होती. तेव्हापासून पेंढा भिजवणं, वाफवणं, पिशव्यांत थर लावून बियाणं पेरणं, त्या पिशव्या छताला टांगणं आणि त्यांच्या भोकांतून शिंपल्यांसारखे पांढरे झुबके बाहेर आले की ते तोडणं, हे सगळं तिच्या हातांनी झालं होतं. दादा पुढच्या ऑफिसात बसायचा. आबा गेल्यावर निम्म्या शेड तिच्या नावावर झाल्या आणि निम्म्या त्याच्या, तरी तो पुढे आणि ती मागे, ही मांडणी काही बदलली नाही. आणि बावन्न वर्षांत तिनं एकही अळंबी तोंडात घातली नव्हती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘आत्याचे नखरे’ म्हणून सगळ्यांनी तो विषय कधीच गुंडाळून ठेवला होता.

“आत्या, जाहिरातीत असं थोडंफार चालतं,” पुतण्या समजुतीच्या सुरात म्हणाला. तो कामाला लागला त्या दिवसापासून आत्या त्याला ‘मॅनेजर’ म्हणायची, आणि ते कौतुकानं नव्हतं हे त्याला अजून समजलेलं नव्हतं. “लोकांना घरातलं माणूस बघायला आवडतं. दुकानांच्या खरेदीवाल्या बाई आज जेवायला येतायत. त्यांच्या साखळीत चाळीस दुकानं आहेत. चाळीस!”

“म्हणजे मी चाळीस ठिकाणी खोटं बोलणार. एका जागी बसून. सोय चांगली केलीस.”

“मागची बाजू वाचलीस का?” हे पुतणीनं विचारलं. ती इस्पितळात आहारतज्ज्ञ होती, खास या जेवणासाठी सुट्टी घेऊन आली होती. आत्याच्या भाषेत ती ‘कॅलरी’. तिनं पाकीट उलटं केलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. “मधुमेह मुळापासून जातो. सांधे नव्यासारखे होतात. केस गळायचे थांबतात. कर्करोग जवळ फिरकत नाही. कोणी लिहिलंय हे?”

“नेटवर होतं,” मॅनेजर म्हणाला.

“नेटवर तू पण आहेस, लग्नाच्या वेबसाइटवरचा फोटो अजून काढला नाहीस. म्हणून काय तू लग्नाचा आहेस?”

आत्या खुदकन हसली. घरात तिच्या तोडीची जीभ एकच होती, आणि ती त्या इस्पितळात लोकांच्या ताटातलं मीठ कमी करण्यात फुकट जात होती, असं तिचं मत होतं.

“मग खरं काय आहे ते तरी सांग,” दादा मधे पडला. “का आपण इतकी वर्षं लोकांना नुसतं पाणीच विकतोय?”

“बरंचसं पाणीच आहे, बाबा. शंभर ग्रॅममधे नव्वद. उरलेल्या दहात मात्र चांगली चांगली मंडळी आहेत. तीनेक ग्रॅम प्रथिनं, बहुतेक फळभाज्यांना ते जमत नाही. तंतू आहेत, पोटॅशियम आहे, ब गटातली काही जीवनसत्त्वं आहेत. चरबी जवळजवळ नाहीच. साखरवाल्यांनी भाताच्या जागी खाल्ली तर चांगलंच, पोट भरतं आणि साखर उसळत नाही. पण गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि कापून तासभर उन्हात ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं.”

“म्हणजे आपण सावलीत बसायचं आणि उन्हात अळंबीला बसवायचं,” आत्या म्हणाली. “मग तिला खायचं. काय दिवस आलेत! माणसाला साधं ऊन खायलासुद्धा दलाल लागतो.”

“एवढं खरं छापलं तरी पुष्कळ आहे,” पुतणी म्हणाली.

“‘तीनेक ग्रॅम प्रथिनं’ वाचून कोण घेणार?” मॅनेजर हात उडवत म्हणाला. “आत्या, तुला बोलायचं काही नाही. फक्त बसायचं. बाबा, तुम्ही सांगा ना तिला.”

दादानं घसा खाकरला. “बस गं थोडा वेळ. पोराचं मन राहील. तुझं काय जातंय?”

हे ‘तुझं काय जातंय’ आत्यानं त्याच्या तोंडून आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं, की आता तिला त्याच्या आधीचा श्वाससुद्धा ओळखू यायचा.

खरेदीवाल्या बाई बाराला येणार होत्या, त्या पावणेबारालाच आल्या. आखूड केसांच्या, सपाट चपलांतल्या, पन्नाशीच्या. मॅनेजरनं त्यांच्यासाठी पंख्याखालची खुर्ची पुसून ठेवली होती. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि सूनबाईच्या शेजारी उभ्या राहिल्या.

सूनबाई, म्हणजे मॅनेजरची बायको, लग्नाआधी एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी होती. घरात येऊन तिला सहा महिने झाले होते. स्वयंपाकघर तिनं पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतलं, आणि दुसऱ्या महिन्यापासून सकाळची तोडणीही. तोडणाऱ्या दोघी बायका सोडून गेल्या होत्या आणि नव्या मिळत नव्हत्या. ‘मला चांगला माल हाताला लागतो,’ असं म्हणून ती आपणहून शेडमध्ये जायला लागली. आत्याला ती आवडायची. तसं तिनं अर्थातच कुणाला कळू दिलं नव्हतं.

“धुतली नाहीत का?” बाईंनी विचारलं.

“ओल्या फडक्यानं पुसलीत. भिजवली की ती पाणी पितात, मग कढईत परतायच्या ऐवजी उकडत बसतात.” सूनबाईनं तापलेल्या कढईत मूठभरच तुकडे टाकले. जरा थांबली. मग पुन्हा मूठभर. “गर्दी केली तरी तेच होतं. मीठ शेवटी. देठ चिवट असतात, ते टाकायचे नाहीत, सूपाच्या पाण्यात उकळायचे.”

तिनं हे सांगता सांगता तोंड बाजूला वळवलं आणि दंडात तोंड खुपसून खोकली. कोरडा, तोकडा खोकला, आत काहीच नसल्यासारखा. पाण्याची सुरई घेऊन दारात उभी असलेली आत्या मान वळवून ऐकायला लागली.

“सर्दी झालीय का?” बाईंनी विचारलं.

“फोडणीचा धूर,” सूनबाई म्हणाली.

फोडणी अजून घातलेली नव्हती.

टेबलावर देठांचं सूप आलं, वर हिरवी पात भुरभुरलेली. मग लसूण-मिरीवर परतलेली अळंबी, कडा तांबूस झालेली. अळंबी घालून केलेला भात. अंड्याच्या पोळीत गुंडाळलेली. आणि वाळवलेल्या अळंबीची पूड कणकेत मिसळून भाजलेला पाव. मॅनेजर एकेका पदार्थाची ओळख अशी करून देत होता, की जणू ते त्याच्या पोटचे होते.

“आणि ह्या आमच्या आत्या,” शेवटी तो म्हणाला. “पाकिटावरच्या.”

बाईंनी पाकीट हातात घेतलं, लांब धरून बघितलं, मग आत्याकडे बघितलं. “रोज वाटीभर?”

“तिला सूप फार आवडतं,” दादा घाईघाईनं म्हणाला.

आत्या त्याच्याकडे वळली. त्र्याहत्तर वर्षांचा हा माणूस, कॉलरचं बटण लावून, भांग पाडून, तिच्या वतीनं तिच्या आवडीनिवडी सांगत होता. तिनं परतलेल्या अळंबीची बशी पुढे ओढली. चमच्यानं एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

मॅनेजरचा घास हातातच राहिला. पुतणीनं सूपाची वाटी खाली ठेवली.

आत्यानं चावलं. आधी लसूण लागला, मग मिरी, मग तिसरंच काहीतरी, भाजल्यासारखं, खमंग आणि मऊ. फार चांगलं लागलं. तिला त्याचा विलक्षण राग आला. बावन्न वर्षं तिनं हिच्यावर बहिष्कार टाकला होता आणि हिला त्याचा पत्ताही नव्हता. ही आपली मजेत चविष्ट राहिली होती.

“कशी आहे?” बाईंनी विचारलं.

“बरी आहे,” आत्या म्हणाली. “सवय नाही मला. जन्मात पहिल्यांदाच खाल्ली.”

बाई हसल्या. मग टेबलावर दुसरं कोणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

“आत्याला चेष्टेची फार सवय—” मॅनेजरनं सुरुवात केली.

“तू गप्प बस. पाकिटावर मी आहे, तू नाहीस.” आत्या बाईंकडे वळली. “तुम्ही लांबून आलात, सूनबाईनं मन लावून रांधलंय, पोटभर जेवा. पदार्थ चांगलेच आहेत. पण ह्या कागदावरची बाई मी नव्हे. मी खात नाही आणि मी ठणठणीतही नाही. जिना चढले की मला तीन ठिकाणी थांबावं लागतं.”

दादाचा चेहरा लाल झाला. “घरच्या गोष्टी पाहुण्यांसमोर—”

स्वयंपाकघरातून पुन्हा तो खोकला आला. या वेळी लांबलेला. आत्या उठली. टेबलाचा आधार घेत, खुर्ची मागे सारून, ती सरळ आत गेली आणि सूनबाईच्या समोर उभी राहिली.

“संध्याकाळी अंगात कसकस असते का?”

“थोडी असते.” सूनबाईनं डोळे पुसले. “दमल्यामुळे असेल.”

“अंग मोडून येतं? छातीवर कोणी हात ठेवल्यासारखं वाटतं?”

सूनबाई गोंधळून बघत राहिली. “तुम्हाला कसं कळलं?”

“आणि रविवारी?”

“रविवारी बरं असतं,” सूनबाई म्हणाली. रविवारी तोडणी बंद असायची.

आत्यानं शेगडी बंद केली, सूनबाईच्या हातातला झारा काढून घेतला आणि बाहेर हाक मारली, “कॅलरी! इकडे ये. तुझ्या इस्पितळात छातीचा डॉक्टर कोण आहे?”

पुतणीनं दहा-बारा प्रश्न विचारले आणि उत्तरं ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचा मिस्कीलपणा उतरत गेला. “मी डॉक्टर नाही,” ती म्हणाली, “पण अळंबी मोठी झाली की तिच्यातून जी पांढरी धूळ उडते ना, ती काही जणांच्या फुप्फुसांना सोसत नाही. रोज रोज गेली तर आतून इजा होते. लवकर कळलं तर बरं होतं. फार उशीर झाला तर…” तिनं वाक्य सोडून दिलं आणि आत्याकडे बघितलं.

“हो, हो, माझ्याकडेच बघ,” आत्या म्हणाली. “नमुना समोरच आहे.”

बाई दारात आल्या होत्या, पर्स खांद्याला लावून. “मी निघते. तुमचं आज वेगळंच काम आहे,” त्या म्हणाल्या. मग मॅनेजरला, अगदी कोरड्या आवाजात, “हे पाकीट मला नको. ह्यातली निम्मी वाक्यं माझ्या दुकानात लावली तर मला जाब द्यावा लागेल. मी ताजा माल बघायला आले होते. तुमची पत्नी करते ते सगळं कोवळ्या मशरूमचं आहे. आणि शेडमध्ये मी येताना डोकावले, तर तिथे ताटाएवढी थोराड टांगलीत. कोवळी देणार असाल तर फोन करा.”

गाडीचा आवाज विरला. मग दादा बोलला.

“झालं समाधान? चाळीस दुकानं होती.”

“ती बाई कोवळी मागून गेली, दादा. तुला ‘चाळीस’ ऐकू आलं, ‘कोवळी’ नाही आलं.”

“कोवळी तोडली की वजन भरत नाही. आबांच्या वेळेपासून आपण—”

“आबांच्या वेळेपासून आपण ती छत्रीसारखी उघडेपर्यंत ठेवतो, कारण उघडली की वजन वाढतं. आणि उघडली की उधळते. सकाळी दार उघडलं की आत धुकं असतं, दादा. आबा म्हणायचे, बघ, देवळात गेल्यासारखं वाटतं. त्या देवळात मी रोज चार तास उभी असायची. तिसऱ्या वर्षी खोकला लागला. स्थळ आलं होतं, चांगला मास्तर होता. त्याच्या आईनं माझा खोकला ऐकला आणि क्षयाची पोरगी म्हणून चहा न पिता उठून गेली. तू तिला फाटकापर्यंत पोचवायला गेला होतास. आठवतंय?”

दादानं मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

“म्हणून खात नव्हतीस?” पुतण्यानं विचारलं. त्याच्या आवाजात मॅनेजर उरला नव्हता.

“मग काय नखरे म्हणून?”

“त्या काळी हे कुणाला कळत होतं?” दादा म्हणाला. “डॉक्टरांनासुद्धा—”

“डॉक्टरला दाखवलंत कधी मला? काढे दिलेत. आणि रविवारी बरी असते म्हटल्यावर कामचुकार ठरवलंत.”

सूनबाई स्टुलावर बसली होती. नवरा तिच्यासमोर उकिडवा बसला. “मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला.

“तुम्ही पाकिटात इतके रमला होतात,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं असावं. तो उठला, बाहेर गेला, टेबलावरचं पाकीट उचललं आणि चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात घातलं. मग परत येऊन म्हणाला, “बाबा, ती उद्यापासून शेडमध्ये जाणार नाही. उद्या सकाळी आम्ही डॉक्टरकडे जातोय. आणि माल कोवळाच तुटेल.”

“मी पण त्याच्या बाजूनं आहे,” पुतणी म्हणाली. “बापजन्मात पहिल्यांदा.”

दादानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. बायको असती तर ती तरी त्याच्या बाजूनं बोलली असती. पण ती जाऊन चार वर्षं झाली होती, आणि आत्याला शंका होती की ती असती तरी आज बोलली नसती.

“ठीक आहे,” तो फणकाऱ्यानं म्हणाला. “सगळे शहाणे झालात. उद्या पाचव्या शेडमधला माल तयार आहे. दोन दिवस थांबला की नासेल. तोडणार कोण?”

“तू,” आत्या म्हणाली.

सकाळी सात वाजता तो खरंच आला. ऑफिसचे बूट घालून आला होता. ते बघून आत्यानं कपाळाला हात लावला. बाकीचे तिघं डॉक्टरकडे गेले होते. पुतणीनं जाताना दादाच्या हातात जाड मास्क ठेवला होता आणि आत्याला दम भरला होता की शेडच्या आत पाऊल टाकायचं नाही, दुपारी तिलाही तपासायला न्यायचं आहे. आत्यानं दार उघडलं, पंखा लावला, हवा खेळू दिली आणि मग उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून ठाण मांडलं.

दादा आत गेला. पहिला झुबका त्यानं मुठीत धरला आणि ओढला. निम्मा हातात आला, निम्मा पिशवीलाच राहिला.

“शाबास,” आत्या बाहेरून म्हणाली. “आता उरलेला दातांनी ओढ.”

“मग कसा तोडायचा?”

“बुडाशी धर. पीळ हलकेच. ओढू नकोस. बाटलीचं झाकण उघडतोस ना, तसा.”

दुसरा जमला. तिसरा पडला. चौथ्यानंतर तो गप्प झाला आणि हात चालायला लागले, सावकाश, शाळेतल्या पोरानं अक्षर गिरवावं तसे. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला. कोपऱ्यातली थोराड अळंबी त्याच्या खांद्याच्या धक्क्यानं हलली आणि उजेडाच्या तिरिपीत पांढरी धूळ भुरभुर उतरली. तो ती बघत उभा राहिला.

“हे रोज असायचं?”

“याच्या चौपट. तेव्हा पंखा नव्हता.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस मला?”

आत्यानं या प्रश्नाची वाट बघितलेली नव्हती. इतकी वर्षं झाली, आता तो विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं. पण उत्तर लगेच तोंडात आलं, तयार होतं.

“सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. तू आत्ता आहेस तिथे मी होते, आणि मी बसलेय ना, इथे तू उभा होतास. ऐकलंस सगळं. नाकाला रुमाल लावून.”

दादानं टोपली खाली ठेवली. त्याचा हात आपोआप नाकाकडे गेला, मास्कला लागला, आणि त्यानं तो हनुवटीवर ओढला, काहीतरी बोलायला.

“वर कर तो,” आत्या म्हणाली. “तुझी सेवा करायला मी काही बसलेली नाही.”

त्यानं मास्क वर केला. त्याच्या आडून तो काहीतरी पुटपुटला.

“ऐकू आलं नाही.”

तो पुन्हा पुटपुटला.

“मोठ्यानं बोल. बाजारात भाव ओरडताना तुझा आवाज कधी बसला नाही.”

“चुकलं माझं!” दादा ओरडला. आवाज पत्र्याला लागून परत आला, आणि शेजारच्या शेडमध्ये पेंढा भरणारा गडी काय झालं ते बघायला डोकावून गेला.

आत्यानं खुर्ची थोडी पुढे सरकवली, तो नीट दिसावा म्हणून.

“बरं,” ती म्हणाली. “आता खालची रांग घे. आणि गुडघे वाकव, कमरेतून वाकू नकोस.”